पिनबॉलचे पुनरागमन आणि ऐंशीचे दशक

पिनबॉलची, म्हणजे यंत्राच्या उतरत्या फळीवर धातूचा चेंडू उडवत ठेवण्याच्या खेळाची, परतलेली लोकप्रियता म्हणजे निव्वळ ऐंशीच्या दशकाची आठवण, असे म्हटले जाते; हे मत मला पटत नाही, कारण त्याच दशकाच्या आरंभी व्हिडिओ गेमने अमेरिकेतील आर्केडमध्ये (नाणी टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनांत) पिनबॉलची पुरती पीछेहाट केली होती, आणि २०,०००हून अधिक विकले गेलेले 'द ॲडम्स फॅमिली' हे यंत्र आले ते १९९२ मध्ये. १९९९ मध्ये विल्यम्स या कंपनीने पिनबॉल यंत्रांचे उत्पादन थांबवल्यावर स्टर्न ही एकच मोठी कंपनी उरली.

नव्या खेळाडूंना ओढ वाटते ती, माझ्या मते, खऱ्या वस्तूच्या स्पर्शाची. चेंडू वळवण्यासाठी खेळाडू यंत्राला हलके धक्के देतो, पण त्याला मर्यादा असते: यंत्राच्या पेटीत धातूच्या कड्यामधोमध एक लोलक टांगलेला असतो. धक्का जरा जास्त बसला की तो कड्याला टेकतो, विद्युतमंडल पूर्ण होते, फ्लिपर, म्हणजे चेंडू परत वर उडवणारे छोटे दांडे, निकामी होतात आणि चेंडू डोळ्यांदेखत निसटतो. कोणते यंत्र किती धक्का सहन करील, हे हातांनीच शिकावे लागते.