अठराव्या वर्षी लिहिलेलं सत्ताविसाव्या वर्षी बाहेर आलं, तर पोरांना काय सांगायचं?

पार्कातला_कोच:

नमस्कार मंडळी. मी शिवाजी पार्कात सोळा वर्षांखालच्या मुलांना शिकवतो. प्रश्न नुसत्या क्रिकेटचा नाही, म्हणून इथे विचारतोय.

मागच्या आठवड्यात आमच्या मुलांच्या ग्रुपवर इंग्लंडचा गोलंदाज ऑली रॉबिन्सनचं जुनं रील फिरत आलं. विसरला असाल तर थोडक्यात सांगतो. जून 2021, लॉर्ड्स, न्यूझीलंडविरुद्ध कसोटी, रॉबिन्सनचा पहिलाच सामना. खेळ सुरू व्हायच्या आधी इंग्लंडचे खेळाडू भेदभावाविरुद्धचे टी-शर्ट घालून रांगेत उभे राहिले. त्याच दिवशी ह्याचे 2012-13 च्या सुमाराचे ट्वीट कुणीतरी वर काढले. मुसलमानांबद्दल, आशियाई लोकांबद्दल, बायकांबद्दल, वाचवत नाही असं. संध्याकाळी त्याने कॅमेऱ्यासमोर माफी मागितली. सामन्यात सात बळी घेतले आणि पुढच्या कसोटीतून बाहेर गेला. नंतर चौकशी होऊन आठ सामन्यांची बंदी लागली, त्यातली पाच स्थगित, तीन आधीच भोगून झालेली, वर 3,200 पौंड दंड. ऑगस्टमध्ये भारताविरुद्ध परत आला आणि लीड्सला सामनावीर ठरला.

नेटमधला सराव संपल्यावर पोरं मॅटवर बसली आणि जुंपली. अर्धी म्हणाली बंदी कमी झाली, अर्धी म्हणाली उगाच झाली. एक चुणचुणीत डावखुरा मुलगा म्हणाला, "सर, अठरा वर्षांचा तर होता. आपण पण ग्रुपवर काय काय टाकतोच की." बाकीचे हसले. माझ्या डोक्यातून ते वाक्य जात नाहीये. ही पोरं चौदा-पंधरा वर्षांची आहेत, प्रत्येकाकडे फोन आहे, आणि त्यातला एखादा उद्या रणजी खेळेल.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. माझ्याकडे माहीमची, कुर्ल्याची मुसलमान मुलं येतात. एरवी फील्डिंग लावण्यावरूनही माझ्याशी वाद घालणारी. त्या पूर्ण चर्चेत त्यांनी अवाक्षर काढलं नाही. पॅड सोडत बसली, बॅगा भरल्या आणि निघाली. बंदी तीन सामन्यांची हवी की आठ, ह्यावर सगळे भांडत होते. ज्यांच्याबद्दल ते लिहिलं होतं ते तिथेच बसलेत, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

रात्री एका पालकांचा मेसेज आला, "सर, क्रिकेट शिकवा, हे विषय नकोत." मला हे पटत नाही. स्टान्स शिकवतो तसं हेही मीच शिकवायचं आहे. पण कसं? माफी खरी की तोंडदेखली, हे पंधरा वर्षांच्या मुलाला कसं ओळखायला सांगायचं? वय लहान होतं म्हणून किती सूट द्यायची?

जुना_वानखेडेकर:

कोच साहेब, इंग्लंडपर्यंत जायची गरज नाही. 17 ऑक्टोबर 2007, भारत-ऑस्ट्रेलिया, मालिकेतला शेवटचा एकदिवसीय सामना. मी वानखेडेच्या नॉर्थ स्टँडमध्ये होतो. मुरली कार्तिकने सहा बळी घेतले तो सामना, शेवटी त्याने आणि झहीरने जिंकून दिला. लोक तेवढंच आठवतात.

ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सवर माकडासारखे आवाज काढणं आधी वडोदऱ्याला झालं होतं, पेपरात छापून आलं होतं. म्हणजे आमच्याकडे ज्यांनी ते केलं, त्यांना ते काय आहे हे ठाऊक होतं. माझ्या पुढे तीन-चार रांगा सोडून एक गृहस्थ होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, शेजारी आठ-नऊ वर्षांचा मुलगा. सायमंड्स आमच्या बाजूला आला की हे उठायचे, दोन्ही हात काखेत घालून खाजवायचे आणि आवाज काढायचे. मुलगा आधी नुसता बघत होता. मग बापाकडे बघून हसला. मग तोही उठला. तो आता पंचविशी ओलांडलेला असेल. आज त्याने असलंच काही लिहिलं, तर त्याचं वय मोजायचं की बापाचं?

पोलिसांनी काही जणांना पकडलं. तीन महिन्यांत सिडनीला हरभजन-सायमंड्स प्रकरण झालं, हरभजनने सायमंड्सला माकड म्हटल्याचा आरोप. आधी हरभजनवर तीन कसोटींची बंदी, मग अपिलात न्यायमूर्ती हॅन्सननी वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नाही म्हणून ती उठवली आणि वाईट भाषेबद्दल निम्मं मानधन कापलं. तेव्हा सगळा देश कायद्याचा किस पाडत होता. 2011 मध्ये दोघे मुंबई इंडियन्सच्या एकाच ड्रेसिंग रूममध्ये आले. तिथे माफी मागितली गेली की नाही, ह्याबद्दल दोघांची सांगणी जुळत नाहीत, तेव्हा त्यावर मी बोलत नाही. पण वानखेडेवरच्या आपल्या लोकांचं काय? 2022 मध्ये सायमंड्स अपघातात गेला तेव्हा ह्याच शहरातल्या लोकांनी हळहळून पोस्टी टाकल्या. ऑक्टोबर 2007 चा उल्लेख मला क्वचितच दिसला.

स्लिपमधला_गिरगावकर:

मी थोडा वेगळा विचार मांडतो, राग नसावा. जे लिहिलं ते वाईटच, त्यात दुमत नाही. पण आठ-नऊ वर्षं कुणाला ते ट्वीट दिसले नाहीत आणि नेमके पदार्पणाच्या दिवशी दिसले? खणणाऱ्याला वर्णद्वेषाची चाड होती की माणूस पाडायचा होता? वय वर्षं अठरा म्हणजे आपल्याकडे बारावीचा मुलगा. त्याला आयुष्यभर त्याच एका ओळीने ओळखायचं का?

आणि एक लक्षात घ्या. यॉर्कशर क्लबमध्ये आपल्याला वर्णद्वेष सोसावा लागला असं ब्रिटिश खासदारांच्या समितीसमोर सांगणारा क्रिकेटपटू अझीम रफीक. नोव्हेंबर 2021 मध्ये त्याने साक्ष दिली आणि त्याच आठवड्यात त्याचेच 2011 चे ज्यूंबद्दलचे मेसेज बाहेर आले. ज्याने सोसलं त्यानेही लिहिलेलं होतं. मग कुणाला धुतल्या तांदळाचं म्हणायचं? कोच साहेब, मी तुमच्या जागी असतो तर पोरांना एवढंच सांगितलं असतं की फोनवर जपून लिहा. मोठे वाद मोठ्यांना घालू द्या.

ठाण्याची_वकील:

गिरगावकर, "जपून लिहा" हा सल्ला मी अशिलांना देते. मुलांना तेवढाच दिला तर ती सापडायचं कसं नाही, एवढंच शिकतील.

वयाबद्दल माझं मत सांगते. चौकशी करणाऱ्यांनी निकाल देताना रॉबिन्सनचं वयही धरलं होतं. वयामुळे शिक्षा हलकी होते, आणि व्हावीच. पण ज्याला बोललं गेलं त्याला ते ऐकावं लागलंच, वय काहीही असो.

आता घरचं उदाहरण. एप्रिल 2020, लॉकडाऊनमध्ये युवराज सिंग इन्स्टाग्रामवर रोहित शर्माशी लाइव्ह गप्पा मारत होता. क्रिकेटपटू चहलच्या व्हिडिओंवरून थट्टा करताना एका दलित जातीचं नाव त्याने शिवीसारखं वापरलं. जूनमध्ये आरडाओरडा झाल्यावर निवेदन आलं, नकळत कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर खेद आहे, ह्या थाटाचं. हरियाणात हांसीला गुन्हा नोंदला, 2021 मध्ये कागदोपत्री अटक होऊन जामीन मिळाला. मला त्या निवेदनातलं "असतील तर" खटकतं. लोक दुखावले गेले होते, तक्रार करून बसले होते. तुमच्या मुलांना माफीनामे वाचायला द्या आणि त्यात "जर" कुठे आहे तेवढं शोधायला सांगा. पंधरा वर्षांच्या मुलाला ते नक्की जमतं.

कायद्याची बाजूही सांगून ठेवते, कारण लोकांना वाटतं सगळ्याला कलम आहे. अनुसूचित जाती-जमातीतल्या कुणाचा जातीवरून चारचौघांत अपमान केला तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. वंशावरून गटागटांत तेढ पसरवली तर त्यालाही कलम आहे. पण कालिना-सांताक्रूझच्या रस्त्यावर मणिपूरच्या मुलीला एखाद्याने डोळ्यांवरून हाक मारली, तर त्या अपमानाला नेमकं बसेल असं वेगळं कलम नाही. 2014 मध्ये दिल्लीत अरुणाचलचा निदो तानिया मारहाणीत गेला, त्यानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या बेझबरुआ समितीने अशा दोन नव्या कलमांची शिफारस केली होती. ती दंडविधानात आलीच नाहीत.

सोपाऱ्याची_आई:

कोच सर, मी इथे फक्त वाचते, आज लिहितेय. मी मूळची वसईची, माझे यजमान नायजेरियाचे. आम्ही नालासोपाऱ्यात राहतो. मुलगा चौदा वर्षांचा आहे, मराठी माझ्यापेक्षा चांगलं बोलतो आणि क्रिकेटचं वेड आहे.

पहिल्या दिवसापासून टीमने त्याचं नाव बदललं. कधी गेल, कधी ब्राव्हो, कधी रसेल. ह्या मुलाचा वेस्ट इंडिजशी काडीचा संबंध नाही. मी बोलले तर म्हणाले, अहो ताई, प्रेमाने म्हणतात, मोठ्या प्लेअरची नावं आहेत. माझा मुलगा ऑफस्पिन टाकतो. चांगला टाकतो, चेंडू हवेत सोडायला घाबरत नाही. पण प्रत्येक नवीन माणूस त्याला बघून म्हणतो, "तू फास्ट टाक, तुमच्यात ताकद असते." शाळेच्या टीममध्ये त्याला एक वर्ष नवा चेंडू देऊन फास्ट टाकायला पळवलं. पाठ धरली, तेव्हा म्हणाले ह्याच्यात दम नाही. मुलगा इतका चिडला की त्याने बूट माळ्यावर टाकून दिले.

समोरच्या टीमची पोरं जे ओरडतात ते मी इथे लिहिणार नाही. अंपायरना ऐकू जातं, तेही पोरांचं आहे म्हणून सोडून देतात. सामना संपल्यावर हात मिळवतात, झालं गेलं म्हणतात. माझ्या मुलाला अजून एकानेही त्याचं नाव घेऊन सॉरी म्हटलेलं नाही. आणि पुढे एखादा नावारूपाला आलेला प्लेअर टीव्हीवर माफी मागतो तेव्हा सगळे आम्हालाच सांगतात की मोठं मन करा, सोडून द्या. माझ्या मुलाने किती वेळा मोठं मन करायचं?

गिरगावकर दादा, तुम्ही विचारलंत खणणाऱ्याचा हेतू काय. असेल वाईट. पण आम्हाला ते खणायला लागत नाही, आमच्यासमोर रोज पडलेलं असतं.

स्लिपमधला_गिरगावकर:

ताई, तुमचं वाचलं. खणणाऱ्यांबद्दलचं माझं मत तेच आहे, पण तुमच्या मुलाला "सोडून दे" म्हणणाऱ्यांत मी नाही. अंपायरने ऐकून सोडलं असेल तर लेखी तक्रार करा. मी क्लबच्या मॅचना अंपायरिंग केलंय, असं ऐकलं की तिथेच कर्णधाराला बोलावता येतं, खेळ थांबवता येतो. हे करत नाहीत ते हयगय करतात.

पार्कातला_कोच:

सगळ्यांचे आभार. वकीलबाई, "जर" शोधण्याचा उपाय मी उचलतोय.

गिरगावकर, रफीकचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं केलंत, पण मला ते उलट्या बाजूने उपयोगी पडेल. त्याने ते मेसेज माझेच आहेत, मला लाज वाटते, असं सरळ कबूल केलं आणि नंतर ज्यू समाजातल्या लोकांना जाऊन भेटला. ज्यांना बोलला त्यांच्या दारात गेला. रॉबिन्सनच्या माफीचा कॅमेरा आम्हा सगळ्यांकडे होता. कुणाची माफी खरी, हे मी पोरांना सांगणार नाही. दोन्ही समोर ठेवीन आणि कोण कुणाकडे तोंड करून बोलला एवढं विचारीन. माहीम-कुर्ल्याच्या मुलांना चारचौघांत बोलतं करणार नाही, त्यांना वाटलं तर बोलतील. त्यांच्याशी आधी वेगळं बसून बोलणार आहे, कारण त्या दिवशी हसणाऱ्यांना मी तिथल्या तिथे थांबवायला हवं होतं, हे त्यांना माझ्याकडून अपेक्षित असणार.

त्या पालकांना मी फोन करून कळवलंय की हा विषय नेटमध्ये राहील. टोपणनावांचंही आजपासून ठरवलं. ज्याचं त्याला विचारल्याशिवाय माझ्या नेटमध्ये कुणाला दुसऱ्या नावाने हाक मारायची नाही. मीही नाही.

ताई, नवा चेंडू त्याच्या हातातून काढून घ्या. चौदाव्या वर्षी पाठ धरली असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग गोलंदाजी. दुखणं थांबलं की त्याला घेऊन पार्कात या, विरारहून माझी दोन मुलं येतात, त्यांच्या सोबतीने येईल. इथे नंबर लिहू नका, मला वेगळा निरोप पाठवा. येताना बोलिंगचा एखादा व्हिडिओ असेल तर आणा, मागून काढलेला, म्हणजे चेंडू किती वळतो ते दिसेल.