लेहला फुटबॉल सामने: संघ किती दिवस आधी न्यावा?

मैदानवेडा, फोंडा:
जुलैत आमची १९ वर्षांखालील १८ मुलं लेहला तीन सामने खेळणार. सगळी किनारपट्टीची. व्यवस्थापक म्हणतात, दोन दिवस आधी पोचलं की पुरे. दिल्लीमार्गे विमान धरायचं का? उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी सगळ्यांना द्यावी का?

शिट्टी:
दोन दिवस आधी हा सगळ्यांत वाईट मुहूर्त. लेह ३,५०० मीटरवर. हवेत ऑक्सिजन तोच २१ टक्के, पण हवेचा दाब आपल्याकडच्या दोन तृतीयांशाहून थोडा कमी. डोकेदुखी, मळमळ, झोपमोड पोचल्यावर ६ ते १२ तासांत सुरू होते आणि एक-दोन दिवस छळते. तुमचा पहिला सामना नेमका तेव्हाच! किमान ७ दिवस ठेवा, १४ मिळाले तर सोनं. पहिले ४८ तास सुशेगाद, जिनासुद्धा सावकाश. तिसऱ्या दिवशी हलके पास, पाचव्यापासून स्प्रिंट, मधली विश्रांती दुप्पट. एक धाव सगळेच मारतात. पुढच्या धावेसाठी दम परत यायला वेळ लागतो, तिथे बचावफळी उघडी पडते.

हिमवाट:
वेळ असेल तर श्रीनगर–कारगिल रस्त्याने जा. श्रीनगर साधारण १,६०० मीटर, कारगिल २,७००. दोन्हीकडे मुक्काम करा. मनालीकडून नको, वाटेतला मुक्कामच अनेकदा लेहपेक्षा उंचावर पडतो. विमानच घेतलंत तर परतीला एक दिवस राखीव ठेवा, हवामानामुळे उड्डाणं रद्द होतात.

डायमॉक्स सरसकट मुळीच नको. ती मूत्रल (लघवी वाढवणारी), म्हणून वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, बंदी यादीत, स्पर्धा नसतानाही. पण बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल गेला, तर बंदीचा विचार नंतर: ऑक्सिजन लावा, डॉक्टर गाठा, मुलाला खाली आणा.

शिट्टी:
चेंडूंचं राहिलं. इथे १२ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरलेला चेंडू तिथे सुमारे १७ दाखवेल; नियमाची मर्यादा १५.६. हवा काढून न्या, तिथे मोजून भरा. विरळ हवेत चेंडू लांब जातो, वळतो कमी. गोलरक्षकाला लांबच्या फटक्यांचा सराव तिथेच द्या.

मैदानवेडा:
आभार. जेवणाला उकड्या तांदळाची पेज चालेल ना?

हिमवाट:
उत्तम, भूक मेलेली असते तेव्हा तीच उतरते. फक्त कुकर न्या. तिथे पाणी ८८ अंशांनाच उकळतं, उघड्या टोपात उकडे तांदूळ शिजता शिजत नाहीत.