बॅकस्कॅटरला मराठीत ‘परावर्तन’ म्हणावं का?

प्रश्न: इन्फ्रारेड लेसरने हवेतले एरोसोल (तरंगणारे बारीक कण) दुरून कसे ओळखतात, यावर शाळेच्या अंकासाठी लिहितेय. बॅकस्कॅटरला ‘परावर्तन’ आणि एरोसोलला ‘धूलिकण’ चालेल ना?

– परावर्तन नको. आरसा ठरलेल्या कोनात प्रकाश परतवतो. कण तो चहूकडे उधळतो; त्यातला जो जरासा उलट फिरून दुर्बिणीत शिरतो, तेवढाच लायडारच्या, म्हणजे लेसर सोडून परतलेला प्रकाश मोजणाऱ्या यंत्राच्या, कामाचा. विश्वकोशात स्कॅटरिंगला ‘प्रकीर्णन’ आहे, म्हणून ‘पश्चप्रकीर्णन’. ‘प्रकीर्ण लेख’ म्हणतो ना आपण, तेच.

– ‘विकिरण’ सोपं नाही का?

– हिंदीत विकिरण म्हणजे रेडिएशन, आणि त्याला आपल्याकडे ‘प्रारण’. शाळकरी वाचकाच्या डोक्यात उगाच घोळ.

– धूलिकणही अपुरं. काजळी, समुद्रावरून आलेलं मीठ, परागकण, सगळं यात येतं. 1991 मध्ये पिनाटुबो ज्वालामुखी फुटल्यावर स्थितांबरात महिनोन्‌महिने तरंगत राहिले ते प्रामुख्याने गंधकाम्लाचे थेंब. त्यांना धूळ कसं म्हणणार? ‘वायुकलिल’ शब्द चांगला आहे; शाळेत ‘कलिल’ शिकवतातच.

– इन्फ्रारेडला ‘अवरक्त’ लिहिलंत तर छापण्याआधी प्रूफ बघा. कुणीतरी हमखास ‘आरक्त’ करतं आणि लेसर लाजायला लागतो!

– पण लायडार म्हणजे अवरक्तच, असं लिहू नका. पुण्यात पाषाणच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेने आर्गॉन लेसरचा लायडार वापरला, तो दृश्य प्रकाशाचा. 2006 मध्ये सोडलेल्या कॅलिप्सो उपग्रहावर दोन्ही होते: 532 नॅनोमीटरचा हिरवा आणि 1064 चा अवरक्त. तरंगलांबी दुप्पट झाली की हवेच्या रेणूंचं प्रकीर्णन सुमारे 16 पटींनी घटतं. मोठ्या कणांचं तेवढं घटत नाही, म्हणून अवरक्तात ते उठून दिसतात. दोन्ही रंगांत मागे आलेल्या प्रकाशाचं गुणोत्तर काढलं की कण बारीक की जाड, याचा अंदाज येतो.

– आणि अंतर? लेसरचा स्पंद (पल्स) परतायला लागलेल्या दर मायक्रोसेकंदामागे 150 मीटर, जायचा-यायचा हिशेब धरून.

मूळ प्रश्नकर्ती: मग असं लिहू? ‘वायुकलिलातील कणांद्वारे पश्चप्रकीर्णित झालेला अवरक्त प्रकाश दुर्बीण ग्रहण करते.’

– ‘हवेतल्या कणांनी मागे विखुरलेला अवरक्त प्रकाश दुर्बीण टिपते.’ पारिभाषिक शब्द चौकटीत द्या.