फंडरेझिंग मॅनेजर नेमला म्हणून देणगी बंद? जरा ऐका

पावतीवाली:
परवा इथे एका काकांनी लिहिलं की बारा वर्षं ज्या वसतिगृहाला देणगी दिली, त्यांनी पगारी फंडरेझिंग मॅनेजर (देणग्या जमवणारा माणूस) नेमला म्हणून देणगी बंद केली. "माझे पैसे पोरांच्या ताटात पडावेत, मॅनेजरच्या खिशात नव्हे." खाली लाइकचा पाऊस. पुण्यातच दुसऱ्या एका संस्थेत मी नऊ वर्षं हेच पाप करतेय, म्हणून लिहिते.

मार्चअखेर लोक पटापट पैसे पाठवतात आणि नाव कळवायला विसरतात. मग खात्यात आलेले अकराशे रुपये कुठल्या जोशींचे, हे शोधायला मी चार जोश्यांना फोन लावते. ३१ मेच्या आत १०बीडी, म्हणजे वर्षभराच्या देणग्यांचं विवरण, आयकर खात्याकडे भरायचं. पॅनचं एक अक्षर चुकलं की देणगीदाराची करवजावट अडकते, शिव्या मला. कंपनीकडे तिचा सामाजिक कामाचा निधी मागायला जायचं तर सीएसआर-१ फॉर्मची नोंदणी, प्रस्ताव, अहवाल, फोटो. परदेशातली देणगी कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीपासून आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच जमा होते, आणि तिच्यातून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर करता येत नाही. आधी ५० चालायचा. हे सगळं ऑफिस सुटल्यावर सेवाभावानं कोण करणार? तुम्ही याल?

कोथरूडचा_म्हातारा:
ते काका मीच. आश्रमासाठी अण्णा कर्व्यांनी, महर्षी कर्व्यांनी, मॅनेजर नेमला नव्हता. हिंगण्याहून पायी गावात यायचे, स्वतः वर्गणी मागत फिरायचे. झोळीला पगार नसतो, बाईसाहेब.

पावतीवाली:
अण्णा पायी यायचे ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला! १८९१ ते १९१४ तिथे प्राध्यापक होते, घर त्या पगारावर चालायचं. माझं घर कुठल्या कॉलेजच्या पगारावर चालवू?

हिंजवडीचा_हमाल:
भांडण मजेशीर आहे, पण मॅनेजर हवाच कशाला? आमची टीम दरवर्षी एका आश्रमशाळेत जाऊन भिंती रंगवून येते. ना मॅनेजर, ना पावती.

पावतीवाली:
ती भिंत!! आमच्याकडे अशीच एक आहे. चार वर्षांत पाच वेळा रंगवून झालीय. मागच्या खेपेला ब्रश टेकला तर पापुद्राच सुटून आला. तुम्ही येणार म्हणून मुलांचा शनिवारचा खेळ बंद, सगळ्यांना स्वच्छ कपडे, चाळीस टी-शर्टवाल्यांना चहा-पोहे. तुम्ही गेल्यावर जमिनीवरचे डाग टर्पेंटाइननं आमच्या मावशी काढतात.

हिंजवडीचा_हमाल:
व्वा. शनिवारची सुट्टी घालवून उन्हात उभं राहायचं आणि वर हे ऐकायचं. मग दरवर्षी आमच्या एचआरला "कधी येताय?" अशी मेल कोण पाठवतं?

पावतीवाली:
मीच पाठवते. भिंत रंगली की चेकवर सही होते, म्हणून. लाज वाटते, पण पाठवते.

सदाशिवपेठी:
रंग कुठला लावता पण? डिस्टेंपर असेल तर पापुद्रे येणारच. आधी घासून प्रायमर मारायला हवा.

हिंजवडीचा_हमाल:
प्रायमर मारला होता हो!

मेतकूट:
मी त्या भिंतीच्या आतला. दहावीपर्यंत वसतिगृहात होतो. रविवारी दुपारी एकाच्या वाढदिवसाचं श्रीखंड, संध्याकाळी दुसऱ्याच्या आईच्या स्मरणार्थ गुलाबजाम, आणि केक कापताना आम्ही टाळ्या वाजवायच्या. मंगळवारी आमटीत डाळ शोधावी लागायची. स्वयंपाकीण काकूंचा पगार तीन महिने थकला आणि त्या सोडून गेल्या, तेव्हा मोठ्या मुलांनी भाकऱ्या थापल्या. पगारासाठी, वीजबिलासाठी द्यायला कुणी तयार नसायचं. त्यावर नाव घालता येत नाही ना. काका, तुमचे पैसे ताटात पडतात हे खरंय. पण ते ताट मंगळवारीही वाढायचं असतं.

कोथरूडचा_म्हातारा:
श्रीखंड मीही दिलंय, नातवाच्या बारशाला. असो. पगाराचं एक वेळ मान्य करतो. पण जमवलेल्या पैशावर टक्केवारी घेणारे? फर्ग्युसन रस्त्यावर टॅबलेट घेऊन "सर, दोनच मिनिटं" म्हणत पोरं आडवी येतात, ती काय सेवा आहे?

पावतीवाली:
त्यात मी तुमच्याच बाजूची. माझी पहिली नोकरी तीच होती. एजन्सी एका संस्थेसाठी माणसं उभी करायची. दिवसाला दोन नोंदण्या झाल्या नाहीत की संध्याकाळी सगळ्यांसमोर उभं करायचे. एका आजींकडून दरमहा खात्यातून पैसे कापायची परवानगी मी घेतली. त्यांना ती एकदाच द्यायची देणगी वाटली होती. मला कळत होतं. चार महिन्यांनी सोडली ती नोकरी. टक्केवारीवर मी काम करत नाही, करणारही नाही.

हिंजवडीचा_हमाल:
आणि भिंतीवाल्यांना शिकवताय!

पावतीवाली:
बरं. पुढच्या वेळी ब्रश नका आणू, वर्षाचं वीजबिल भरा. पाटीवर तुमचं नाव मोठ्या अक्षरात लिहिते.

हिंजवडीचा_हमाल:
एचआरला विचारतो. त्यांना फोटो लागतो.

सदाशिवपेठी:
मीटरसमोर उभे राहा.

कोथरूडचा_म्हातारा:
चर्चेत नाही, पण विचारतो. मी आजही जुन्या करप्रणालीत आहे, ८०जी, म्हणजे देणगीवरची करवजावट, घेतो. गेल्या वर्षीच्या देणगीचं १०बीई प्रमाणपत्र अजून आलेलं नाही. फोन कुणाला करायचा?

पावतीवाली:
ज्याला नेमला म्हणून रुसलात, त्याला. सकाळी अकराच्या आत करा, नंतर तो बँकेत असेल.