मदत हवी आहे: सेल ग्रेडिंगसाठी रिजनरेटिव्ह मशीन परवडेल का? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. पूर्वी याच शेडमध्ये टॉवेलचे माग चालायचे, आता एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचे बॅटरी पॅक बांधतो. बहुतेक माल ई-रिक्षा आणि सोलरवाल्यांना जातो. पॅक बांधण्याआधी प्रत्येक सेल फुल चार्ज, मग फुल डिस्चार्ज करून खरी कपॅसिटी बघतो आणि सारख्याला सारखा लावतो.

सध्याचं मशीन ६४ चॅनेलचं (एका वेळी ६४ सेल लागतात), जुन्या पद्धतीचं. डिस्चार्जची सगळी वीज रेझिस्टन्समध्ये जाळतं. १०० एएचचा (अँपिअर-अवर) सेल ५० अँपिअरने उतरवला, ३.२ व्होल्ट धरले, तर चॅनेलमागे १६० वॅट. चौसष्टांचे मिळून १० किलोवॅटच्या वर, सलग दोन तास. एक टनाचा एसी साधारण ३.५ किलोवॅट उष्णता ओढतो, म्हणजे तीन टन नुसते या मशीनपायी. खोली २५ अंशांवर ठेवावीच लागते, नाहीतर गरम सेल जास्त कपॅसिटी दाखवतो आणि मॅचिंग बोंबलतं. वर पत्रा, बाहेर मे महिन्यात ४३. सोलापुरात पैसे मोजून उष्णता विकत घेणारे आम्हीच असू!

रिजनरेटिव्ह, म्हणजे डिस्चार्जची वीज न जाळता परत वापरात देणाऱ्या मशीनची कोटेशनं आलीत, जवळपास दीडपट किमतीची. एकात प्रत्येक मॉड्यूल वीज थेट एसी लाइनला परत देतं, दुसऱ्यात सगळी चॅनेल एकाच डीसी बसवर (सामाईक डीसी लाइनवर). विक्रेता ९५ टक्के एफिशियन्सी सांगतो. ती नेमकी कुठून कुठपर्यंतची? आणि लाइट गेली की डीजीवर (डिझेल जनरेटरवर) हे चालतं का? आमचा फीडर कधी ट्रिप होईल, नेम नाही.

उत्तर:
दादा, ९५ हा बहुधा एसी-डीसी भागाचाच आकडा असणार. सेलच्या टोकापासून लाइनपर्यंतचा आकडा, तोही ५० अँपिअरवरचा, लेखी मागा. खरी गळती सेलकडच्या बाजूला असते. लीड (मशीनपासून सेलपर्यंतच्या वायरी) आणि पिन (सेलला टेकणारी टोकं) मिळून ४ मिलीओहम धरा; ५० अँपिअरला ०.२ व्होल्ट तिथेच गेले, म्हणजे ३.२ मधले सहा टक्के. चार्जला पुन्हा तेवढेच. सेन्स वायर (सेलचं व्होल्टेज मोजणारी) वेगळी असली तरी रीडिंग तेवढं बरोबर येतं, वीज जायची ती जातेच. मशीन रॅकला खेटून ठेवा, लीड जाड आणि आखूड घ्या, पिना पुसत राहा.

मी डीसी बसवालंच घेईन. अर्धे चॅनेल डिस्चार्जला असताना अर्धे चार्जला लावा, वीज आतल्या आत फिरते. डीजीवर मात्र जपून. शेडचा बाकी लोड कमी असेल तर परत येणारी वीज जनरेटरलाच उलटी ढकलते. डीजी सुरू झाला की डिस्चार्ज आपोआप थांबेल असा इंटरलॉक मागून घ्या.

धागाकर्ता:
आभारी आहे साहेब. अर्धे-अर्धे लावायची सोय सॉफ्टवेअरमध्येच असते, की शिफ्टच्या पोराने हाताने बॅच पुढेमागे सुरू करायची?