मदत हवी आहे: नवऱ्याने जवळ घेतलं की अंगच बधिर होतं (सांगली-मिरज)

नमस्कार मंडळी. जुनी सदस्य आहे, पण आज डुआयडीने (दुसऱ्या, खोट्या नावाने) लिहितेय. कारण पुढे कळेलच.

वय ३६. विश्रामबागला राहते, मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत्याकडे हिशेब बघते. लग्नाला ११ वर्षं झाली, मुलगी ७ वर्षांची, सिझेरियन. नवरा चांगला आहे हे आधीच सांगते, नाहीतर निम्मे प्रतिसाद त्याला झोडपण्यातच जातील. रात्री त्याने जवळ घेतलं की अंग तिथेच असतं, मी मात्र उद्याच्या डब्याच्या भाजीत. यार्डात नवीन माणूस आला की हळदीच्या वासाने शिंकून बेजार होतो, मला तो वास यायचाच बंद झालाय. अंगाचंही तसंच झालंय म्हणा.

डॉक्टर झाले, थायरॉइड, हिमोग्लोबिन ठीक. मग दोघेही मिरजेच्या एका समुपदेशक बाईंकडे गेलो. त्यांनी दोन गोष्टी दिल्या. रोज २० मिनिटं शवासनात पडून अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एकेका भागाकडे नुसतं लक्ष न्यायचं. सैल करायला जायचं नाही, गरम-गार, जड-हलकं जे असेल ते बघायचं. दुसरी, मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन जोडीने १९७० मध्ये मांडलेली पद्धत: पाळीपाळीने एकमेकांना फक्त स्पर्श, तोही छाती आणि खालचा भाग सोडून, आणि संबंध सध्या पूर्ण बंद. पुढे काही घडायचंच नाही म्हटल्यावर दडपण उतरतं. नवरा म्हणाला, "म्हणजे आपला चातुर्मास."

मोबाइलवर १५ मिनिटांचा गजर लावतो. सासूबाई हॉलमध्ये झोपतात, म्हणून आधी कडीला खोबरेल घातलं. पहिल्या दिवशी त्याने नुसतं तळहातावर बोट फिरवलं, तेव्हा लक्षात आलं की मी श्वास धरून बसलेय आणि दात आवळलेत. ११ वर्षं अशीच आवळत असणार!

आता ३ आठवडे झाले. तळवे, पाठ, मान कळायला लागलीय. बेंबीपासून मांड्यांपर्यंत मात्र कोरं. टाक्यांवर बोट ठेवलं तर दुसऱ्याच कुणाचं कातडं लागतं. सिझेरियनमध्ये कातडीतल्या बारीक नसा कापल्या जातात, म्हणून तेवढ्या पट्ट्यात बधिरपणा राहू शकतो, पण सगळं त्याच्यावर ढकलू नका, असं बाई म्हणाल्या. आणि गेल्या दोन वेळा पोटाकडे लक्ष नेलं की रडूच येतंय. वाईट वाटतं असंही नाही, नुसतं पाणी वाहतं. नवरा घाबरलाय, आता हात लावायलाच बिचकतो.

असं रडू कुणाला आलं होतं का? तेव्हा थांबलात की चालू ठेवलंत? बाईंची पुढची वेळ अजून १२ दिवसांनी आहे. आणि टाक्यांचा मसाज, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या महिला फिजिओथेरपिस्ट सांगली-मिरजेत कुणाला माहीत आहेत का? कोल्हापूरही चालेल.

विपश्यनेला १० दिवस जा असं कृपया सांगू नका, हळदीच्या हंगामात मालक १० तास सोडत नाही. व्यनि (खाजगी निरोप) केलात तरी चालेल. पुरुष आयडींचे व्यनि उघडणार नाही.