एल्लानंतर थेट समुद्रकिनारा? मध्ये बुदुरुवागला आहे

"सिगिरिया, कँडी, एल्ला झालं की श्रीलंकेत बघण्यासारखं संपतं, मग सरळ किनारा गाठावा," असं बरेच जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. एल्ला या डोंगरातल्या गावाहून दक्षिणेला जाणारा रस्ता घाट उतरून वेल्लवायाला येतो. तिथून जेमतेम पाच-सहा किलोमीटरवर बुदुरुवागला या कातळात कोरलेल्या बौद्ध मूर्तींच्या ठिकाणाचा फाटा आहे, आणि बहुतेक गाड्या तो फाटा तशाच ओलांडून जातात. आम्ही वेल्लवायाला बसमधून उतरून रिक्षा केली. शेवटचा रस्ता तळ्याच्या कडेने जातो.

झाडी संपते आणि समोर एकाच कातळात कोरलेल्या सात मूर्ती उभ्या! मधला बुद्ध सुमारे ५१ फूट उंच. त्याच्या उजव्या हाताला अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, ज्याच्या अंगावर पांढरा गिलावा अजून टिकून आहे, आणि शेजारी तारा ही बौद्ध देवी. दुसऱ्या बाजूच्या तिघांत वज्र धरलेला वज्रपाणी, हाही बोधिसत्त्वच. श्रीलंकेतला बौद्ध धर्म आज मुख्यतः थेरवादी, म्हणजे जुन्या परंपरेचा, पण हे काम साधारण नवव्या-दहाव्या शतकातलं, महायानी, म्हणजे बोधिसत्त्वांची पूजा करणाऱ्या पंथाचं. औरंगाबादच्या सातव्या लेण्यातला अवलोकितेश्वर आणि तारा ज्यांनी पाहिलेत, त्यांना इथे एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं. मला तरी झालं. बुद्धाच्या पायाजवळ दगडात ज्योतीच्या आकाराचा एक खळगा आहे, आत बोट फिरवलं तर तेलकट लागतं. मोहरीच्या तेलाचा वास येतो म्हणतात, मलाही आला.

सकाळी लवकर जा, गुडघे-खांदे झाकलेले असू द्या. आम्ही तासभर होतो, आमच्याशिवाय फक्त एक स्थानिक कुटुंब, हातात कमळं घेऊन आलेलं.